चौदाव्या जागेचा सविस्तर खुलासा

प्रिय मेहुणे यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे, हे प्रथम कळवावे. ती दरवर्षी कालव्याची हिवाळी बैठक आठ दिवसांवर आली की धरते, आणि बैठक उलटली की दुसऱ्याच दिवशी तुम्ही बॅडमिंटन खेळताना दिसता, असे तुमच्या ताईचे निरीक्षण आहे. मी वैद्यकातला नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. परंतु तारखांचा मेळ मला समजतो. वहिनींची आणि मुलींची प्रकृती उत्तम असेल अशी खात्री आहे, कारण त्यांना कोणी कालव्यावर बोलावत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. अपवाद दोन: माझ्या डाव्या पायाची करंगळी, जी अद्याप माझी आहे असे मला वाटत नाही, आणि तुमच्या ताईचा निळा मफलर, ज्याचा सध्याचा मुक्काम अज्ञात आहे. दोहोंचा उल्लेख पुढे यथास्थान येईल.

आता काही गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत; तरी त्या पुन्हा लिहितो, कारण ठाऊक असूनही तुम्ही आला नाहीत. तुमचे तीर्थरूप (म्हणजे माझे सासरे, आपले आबा) एकोणऐंशीव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून दिवा बदलायला गेले आणि खुबा मोडून घेतला. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, रोज दहा वाजता व्यायाम घेणाऱ्या बाई येऊ लागल्या, आणि तीन आठवडे आबा आज्ञाधारकपणे चालले. पलंगापासून दारापर्यंतचे अंतर ते कालव्याच्या भाषेत मोजत. पलंग म्हणजे पूल, कपाट म्हणजे जागा क्रमांक पाच, आणि दार म्हणजे चौदा, त्यांची स्वतःची, जिथे ते गेली चौतीस वर्षे गळ टाकून बसत आले आहेत. मग कालव्यावरच्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचे पत्र आले. त्यात नियम सतरा उद्धृत केला होता: ज्या जागेवर लागोपाठ दोन हिवाळी बैठकांत एकही मासा नोंदला जाणार नाही, ती जागा मोकळी समजून शेजारच्या सभासदास प्रथम देण्यात येईल. गेल्या हिवाळ्यात आबा अंगात ताप असताना बसले होते आणि चौदावर काही लागले नव्हते. यंदाही लागले नाही, तर जागा पंधरावाल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाणार, हे उघड होते. आबांनी पत्राची घडी केली, वॉकर भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि म्हणाले, "जागाच जाणार असेल तर चालत जायचं कुठे?" त्यानंतर व्यायामाच्या बाई चार दिवस आल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. पाचव्या दिवशी त्यांनी तुमच्या ताईला जिन्यात गाठून सांगितले की आणखी दोन आठवडे असेच गेले तर मग कितीही चालायचे म्हटले तरी पाय ऐकणार नाहीत.

तुमच्या कंबरेचा फोन त्याच संध्याकाळी आला. मला कोणी काही विचारले नाही. जेवताना तुमची ताई एवढेच म्हणाली, "रविवारी तुम्हाला काही काम नाही." हा प्रश्न नव्हता.

मी आयुष्यात कधी गळ हातात धरला नव्हता, हे तुम्ही जाणताच. परंतु गोदामाची व्यवस्था पाहण्यात मी अठ्ठावीस वर्षे घालवली आहेत, आणि माझा अनुभव असा की कोणतेही काम आधी लिहून काढले की निम्मे होते. (उरलेले निम्मे कसे होते, हे या पत्राचा विषय आहे.) मी वही घेऊन आबांसमोर बसलो. त्यांनी पाण्यात टाकायच्या चाऱ्याचे प्रमाण सांगितले: कोंडा दोन मुठी, शिळ्या पावाचा चुरा एक मूठ, पाणी अंदाजाने. आता मूठ हे काही माप नव्हे. कोणाची मूठ? मी स्वयंपाकघरातला काटा आणला, आबांना तीन वेळा मूठ भरायला लावली आणि सरासरी काढली. एक्केचाळीस ग्रॅम. मग माझ्या लक्षात आले की हे प्रमाण त्यांनी चौतीस वर्षांपूर्वी ठरवलेले आहे, तेव्हाची मूठ आजच्यापेक्षा मोठी असणार. म्हणून लग्नातल्या फोटोवरून त्यांच्या हाताचा आकार अजमावून मी त्यात एकपंचमांश वाढ केली. आबा हे सगळे पाहत होते. म्हणाले, "जावईबापू, मासे काही वजन करून खात नाहीत." जागेविषयी त्यांनी सांगितले ते असे: "पलीकडच्या काठावर धुलाई कारखान्याचा नळ आहे, त्यातून कोमट पाणी पडतं. थंडीत मासे तिथंच गोळा होतात. अलीकडे वाकडं झाड आहे. नळ आणि झाड यांच्या रेषेत बसा. डोळे मिटून सापडेल." मी नम्रपणे म्हणालो की मला ती डोळे उघडे ठेवून सापडायला हवी आहे, कारण जागांचे क्रमांक लिहिलेले खुंट पावसाळ्यानंतर काठाची डागडुजी करताना कालवा खात्याने उपटले आहेत. आबांनी डोळे मिटले. त्यांना झोप आली असावी असे मला वाटले.

नियमावलीत (ती मंडळात बहुधा मी एकट्यानेच सलग वाचली असावी) स्पष्ट लिहिले आहे की पहिली जागा पुलाच्या पायाशी आहे आणि पुढे दोन जागांमध्ये दहा मीटरचे अंतर आहे. चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस. रविवारी उजाडताच मी गोदामातली तीस मीटरची पोलादी टेप घेऊन पुलाच्या पायापासून एकशे चाळीस मीटर मोजले. उलट दिशेने पुन्हा मोजले. दोन्ही मापांत चार सेंटिमीटरचा फरक आला, तो थंडीने पोलाद आकसल्यामुळे, असे मी नोंदवले. नळ आणि वाकडे झाड मला दिसले, नाही असे नाही. ते माझ्यापासून सरळ दहा मीटर डावीकडे, पुलाच्या बाजूला होते. क्षणभर मी विचारात पडलो. परंतु टेप खोटे बोलत नाही आणि आबांचे वय झाले आहे. तेव्हा नळ मागाहून कोणीतरी चुकीच्या ठिकाणी बसवला असावा, असा निष्कर्ष काढून मी निश्चिंत झालो. (झाडाचे काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो मला पडला नाही.)

पावणेनऊला दातांचे डॉक्टर आले. यांच्या हातून माझ्या दोन दाढांचे काम झालेले आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर काही न बोलता बसण्याची मला सवय आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, नळाकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाला दुकान मोकळे सापडावे तसा आनंद पसरला. "अरे वा! आज जागाबदल दिसतोय!" ते म्हणाले. मला वाटले, आबांच्या जागी मी आलो म्हणून टोमणा आहे. मी म्हणालो, "परिस्थितीच तशी आली." "मग मी तुमच्या डाव्या हाताला बसलो तर तुमची हरकत नाही ना? बघा हं, नंतर म्हणाल." मी त्यांना शांतपणे सांगितले की डाव्या हाताला कोण बसतो याच्याशी माझा काहीएक संबंध नाही, त्यांनी खुशाल बसावे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. शत्रुपक्षाचा हा सौजन्यपूर्ण व्यवहार पाहून मला थोडे अपराधी वाटले.

उजवीकडे निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या. (त्यांना सगळे मंडळ बाईच म्हणते, निम्म्या सभासदांना त्यांनी गणित शिकवले आहे आणि उरलेल्या निम्म्यांच्या मुलांना.) त्या गळाची काठी खुंटीवर टेकवून विणकाम करतात. परंतु त्या येऊन स्थिरस्थावर होतात न होतात तोच चिटणिसांनी शिट्टी वाजवली. चिटणीस व्यवसायाने घड्याळजी आहेत, त्यामुळे शिट्टी नऊ म्हणजे नऊलाच वाजते, आणि शिट्टीनंतर एक वाजेपर्यंत कोणत्याही सभासदाने अवाक्षर काढायचे नाही, काढल्यास त्याची त्या दिवसाची नोंद रद्द, असा नियम आहे. बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, सुईने आधी मला दाखवले, मग डॉक्टरांना दाखवले, मग दोन्ही सुया एकमेकींवरून फुलीसारख्या फिरवल्या. मला हे माझ्या आणि डॉक्टरांच्या द्वंद्वाला उद्देशून दिलेले उत्तेजन वाटले. मी मूठ वळून त्यांना निर्धार दाखवला. बाईंनी कपाळाला हात लावला.

पुढच्या चार तासांचा वृत्तांत शक्य तितक्या संयमाने देतो. कालव्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. मी तयार केलेले चाऱ्याचे गोळे (प्रत्येकी एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम, एकूण सोळा) पहाटेपासून डब्यात राहून विटेसारखे गोठले होते. पहिला फेकला, तो पापुद्र्यावर पडला आणि घसरत पलीकडे गेला, पाण्यात काही गेला नाही. दुसरा, तिसरा, तसेच. तेवढ्यात कुठूनशी सात बदके आली आणि बर्फावर ठिय्या देऊन माझा चारा टोचून खाऊ लागली. मी हातवारे केले. बोलायची बंदी असल्याने मला त्यांना हाकलता येईना, आणि हातवाऱ्यांना ती जुमानेनात. चौतीस वर्षांची गुप्त कृती अशा रीतीने सात बदकांच्या पोटात गेली. प्रमाण अचूक असावे, कारण त्यांनी एक कण मागे ठेवला नाही.

मग मी गळ टाकला. काठी डोक्यामागून पुढे आणायची, असे आबांनी सांगितले होते. मी आणली. गळ मात्र मागे तुमच्या ताईच्या मफलरमध्ये अडकला होता, त्यामुळे मफलर माझ्या गळ्यातून सुटून, निळ्या पक्ष्यासारखा झेप घेऊन कालव्याच्या मध्यावर बर्फावर जाऊन पडला. दोरी ओढली, ती तुटली. मफलर तिथेच राहिला. बदकांना तो पसंत पडला आणि त्यांच्यापैकी दोन त्यावर बसली. माझ्या मानेत वारा शिरू लागला. दुसरा गळ बांधायला हातमोजे काढावे लागले. बांधून होईतो बोटे लाकडाची झाली, आणि बुटातल्या डाव्या करंगळीने माझ्याशी संबंध तोडला तो तेव्हाच. हातमोजे घालायला गेलो तर उजव्या हातमोज्यात गळ. तिसऱ्या खेपेला गळ बाईंच्या लोकरीच्या गुंड्यात गेला. त्यांनी एक शब्द न बोलता तो सोडवून दिला आणि जाता जाता मला हाताचा पंजा पसरून दाखवला, मग दुसऱ्या हाताने बोटांमधल्या फटी एकेक करून दाखवल्या. बोटे फाकवून चोळावीत म्हणजे गरम राहतात, असा त्याचा अर्थ घेऊन मी तसे केले. खरोखरच थोडी ऊब आली.

आणि या सर्व काळात डाव्या बाजूला डॉक्टर बसले होते. त्यांच्यासमोर नळाचे कोमट पाणी पडत होते, वाफ निघत होती, तिथे बर्फ नव्हता, बदके नव्हती. दहा वाजून चार मिनिटांनी त्यांच्या काठीचे टोक वाकले आणि त्यांनी चांदीसारखा एक मासा वर काढला. माझ्याकडे वळून त्यांनी मान लववली. मीही लववली; परंतु माझ्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून उभा केलेला वॉकर आला. पावणेअकराला दुसरा. मी घरी जाऊन काय सांगायचे, याचा मसुदा मनात करू लागलो. 'प्रयत्नांत कसूर नव्हती' हे वाक्य चार प्रकारे लिहून पाहिले. चारही वाचून आबा डोळे मिटून घेत होते.

अकराच्या सुमारास एक मालाची होडी बर्फ फोडत आली. सुकाणूवर एक जाडजूड बाई होत्या; त्या सभासद नसल्याने त्यांना बोलायला मोकळीक होती, आणि तिचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. "काय हो काका, मासे घरी आहेत का विचारून आलात ना?" मी उत्तर देऊ शकत नव्हतो. "रुसलेत वाटतं! आणि हा मफलर कोणाचा? बदकांचा?" मी जोराने छातीवर हात मारून मफलर माझा असल्याचे सुचवले. "काळजावर घेऊ नका एवढं!" असे म्हणत त्या पुढे गेल्या. होडीच्या नाकाने मफलर उचलला आणि तो तिच्या पुढच्या टोकाला झेंड्यासारखा फडफडत वळणाआड दिसेनासा झाला. एक जमेची बाजू मात्र झाली: बर्फ फुटला आणि माझा गळ प्रथमच पाण्याला लागला. तो पुढचे दोन तास पाण्यातच राहिला. त्याला कोणी हात लावला नाही. (बारा चाळीसला डॉक्टरांनी तिसरा मासा काढला. मासा मी पाहिला, त्यांच्या तोंडाकडे मात्र पाहिले नाही. मान अवघडली होती, हे कारण मी देतो.)

एकची शिट्टी झाली. चार तास दाबून ठेवलेले बोलणे काठभर एकदम फुटले, आणि चिटणीस नोंदवही व काटा घेऊन पुलाकडून एकेक जागा करत आले. मी उभा राहून वाट पाहत होतो. डॉक्टरांपाशी त्यांनी मासे तोलले, पाण्यात सोडले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "चौदा. तीन मासे."

मेहुणे, इथे मी काय करायला हवे होते? गप्प बसायला हवे होते. चार तास मी गप्प बसलो होतो, आणखी दोन मिनिटे बसणे काही अवघड नव्हते. परंतु माझ्यासमोर एक चुकीची नोंद होत होती, आणि ते मला पाहवेना. "क्षमा करा," मी म्हणालो, "ही जागा तेरा आहे. चौदावर मी आहे."

चिटणीस म्हणाले, "अहो, मी वीस वर्षं ही वही लिहितोय."

"वीस वर्षं लिहिली म्हणून नोंद बरोबर ठरत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी गोदामात नेहमी वापरतो.) "मी दोनदा मोजलं आहे. टेप आहे माझ्याजवळ."

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "ते म्हणतायत तर असेल तेरा. तेरा लिहा. भांडण कशाला?" त्यांचा हा समजूतदारपणा पाहून मला आणखीच जोर आला. मी सर्व सभासदांसमक्ष टेप उलगडली. एक टोक पुलाच्या पायाशी चिटणिसांना धरायला लावले, चार वेळा तीस आणि एकदा वीस मोजले, आणि माझ्या घडीच्या स्टुलापाशी येऊन एकशे चाळीसच्या खुणेवर बोट ठेवून म्हणालो, "वाचा." चिटणिसांनी वाचले. काठावर कुजबुज झाली. मी विजयी मुद्रेने सभोवार पाहिले. मी त्या वेळी काय सिद्ध करत होतो, हे कृपया लक्षात घ्या. चौदावर शून्य मासे लागले, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करत होतो.

बाईंनी विणकाम पिशवीत ठेवले आणि त्या उठून माझ्यासमोर आल्या. "हात वर कर," त्या म्हणाल्या. मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एकेरीत कोणी हाक मारत नाही. तरी मी केला.

"बोटं किती?"

"पाच."

"आणि बोटांच्या मधल्या फटी किती?"

मी मोजल्या. सवयीप्रमाणे दोनदा मोजल्या. "चार," मी म्हणालो.

"मग चौदा जागांच्या मध्ये किती?"

शिट्टी नसताना एवढी शांतता मंडळाने पूर्वी कधी अनुभवली नसेल. पहिली जागा पुलाच्याच पायाशी. म्हणजे चौदावीपर्यंत अंतरे तेरा. म्हणजे एकशे तीस मीटर. म्हणजे मी दिवसभर पंधरावर, डॉक्टरांच्या जागेवर बसलो होतो. नळ योग्य ठिकाणी होता. झाडही. "सकाळपासून सांगतेय," बाई म्हणाल्या, "सुया दाखवल्या, बोटं दाखवली. हा आपला हात चोळतोय!"

डॉक्टर पुढे झाले. मासे त्यांनी धरले, तेव्हा ते त्यांच्याच नावावर, म्हणजे पंधरावर जावेत, असे त्यांचे म्हणणे. चिटणिसांनी चष्मा पुसून नियम सतरा मोठ्याने वाचला. 'ज्या जागेवर', वाचता वाचता ते थांबले, 'एकही मासा नोंदला जाणार नाही'. कोणी धरला याचा त्यात उल्लेखच नव्हता. "हा नियम कोणी लिहिला?" गर्दीतून कोणीतरी विचारले. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वी आबांची जागा मोकळी व्हावी म्हणून त्यांनीच तो मसुदा करून मंजूर करून घेतला होता. त्यांनी तोंड उघडले. आजवर त्यांच्यासमोर आम्ही सर्वांनी तोंडे उघडली; त्यांनी आमच्यासमोर उघडण्याची ही पहिलीच वेळ. मग त्यातून आधी हवा आली आणि नंतर हसू आले. ते स्टुलावर बसून पोट धरून हसले. "अकरा वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून आहे मी," ते म्हणाले. "आज बसायला मिळाली, आणि दिवसभर बसून म्हाताऱ्याची राखण केली! आबांना सांगा, जागा त्यांनी सांभाळली तशीच आहे. पाणी खरंच कोमट असतं हो तिथलं." आणि माझी बोटे अजून चालत नव्हती म्हणून माझी दोरी त्यांनी गुंडाळून दिली.

घरी येताना वाटेत मी ठरवले की खोटे बोलायचे नाही. आबा पलंगावर बसून होते, वर्तमानपत्र उलटे होते. मी म्हणालो, "चौदावर तीन मासे नोंदले गेले." आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. त्यांनी प्रत्येक माशाचे वजन विचारले, वेळ विचारली, कोणत्या क्षणी दोरी ओढली ते विचारले. तीनही मासे मी अत्यंत जवळून, दहा मीटरवरून पाहिले असल्याने सर्व उत्तरे बिनचूक देता आली. "नळाच्या डावीकडे लागले की उजवीकडे?" आबांनी विचारले. "नळाच्या बरोबर समोर," मी म्हणालो, आणि यातले अक्षरही खोटे नव्हते. तेव्हा आबांना खोकल्याची मोठी उबळ आली. डोळ्यांतून पाणी आले. मी कपाटातून औषध आणून दोन चमचे दिले, ते त्यांनी निमूटपणे घेतले. नंतर त्यांनी वॉकर फिरवून घेतला, उठले, आणि दारापर्यंत गेले. परत न फिरता दाराबाहेर, स्वयंपाकघरापर्यंत गेले. तुमची ताई भाजी चिरत होती. तिने मागे वळून पाहिले नाही, फक्त चिरणे थांबवले.

एकंदर विचार करता मासेमारी हा सुज्ञ प्रौढाने करावा असा उद्योग नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यात वेळ, ऊब आणि वस्त्रे यांचा अपव्यय होतो. पुढील हिवाळ्यात तुम्ही कंबरेसह हजर राहावे. वहिनींना नमस्कार, मुलींना अनेक आशीर्वाद, आणि तुम्हाला, राग मनात न ठेवता, स्नेह.

तुमचा,
भावोजी

ता.क. – सोबत एक छापील अर्ज आहे. जागा क्रमांक चौदाचे पर्यायी सभासद म्हणून मंडळाच्या दप्तरी तुमचे नाव आहे. तुम्ही दूर राहता आणि तुमची कंबर भरवशाची नाही. तेव्हा केवळ कारभाराची सोय म्हणून तिथे माझे नाव घालावे, असे मला वाटते. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत. वरील मताशी याचा काही संबंध जोडू नये.

ता.क. दुसरा – बाईंनी त्या रविवारी मी पुलापर्यंतही पोचलो नसेन तेवढ्यात आबांना फोन करून साद्यंत हकीकत सांगितली होती, असे आज व्यायामाच्या बाईंकडून कळले. म्हणजे मी उत्तरे देत होतो तेव्हा आबांना सर्व ठाऊक होते. तो खोकला नव्हता. औषध मात्र त्यांनी दोन चमचे खरोखर घेतले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ता.क. तिसरा, ताईच्या हातचा – हे पत्र पाच आठवडे टेबलावर पडून आहे, कारण ह्यांनी ते तीनदा पुन्हा उतरवून काढलं. मला आज टाकायला दिलंय, म्हणून खाली लिहितेय. त्यांना माहीत नाही. ह्या पाच आठवड्यांत पाचही रविवार हे कालव्यावर गेले. एक मासा लागलेला नाही. घरी येतात ते शीळ वाजवत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांना शीळ वाजवता येते हे मला माहीतच नव्हतं. तू सही देणार नाहीस अशी धास्ती घेऊन बसलेत, पण तसं लिहायचं नाही म्हणून सोय-बिय लिहिलंय. काल आबा हट्टाने निघाले. पुलापर्यंत गाडीने, आणि तिथून स्वतःच्या पायांनी, वॉकर घेऊन, तीनदा थांबत, चौदापर्यंत. मी मागे होते. हे आबांच्या जागेवर काठी धरून बसलेले. आबा येऊन उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठायला लागले तसा त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं आणि म्हणाले, "सरका थोडं." उठा नाही म्हणाले बरं का. सही करून टाक.